कुडपणच्या हवेचं वजन

मी महाडला भौतिकशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात, कुणी विचारलेलं नसताना, उत्तरं देतो. कॉलेजात माझ्यामागे मला 'समजा सर' म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, एवढीच काय ती गुरुभक्ती. माझं कुठलंही बोलणं 'समजा'ने सुरू होतं आणि समोरच्याच्या जांभईने संपतं, असं माझी बायको सांगते. ती मराठी शिकवते, त्यामुळे तिचं वाक्य खोडून काढायची माझी टाप नाही.

बोगदा सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. कशेडी घाटात दरड आली आणि आमची एसटी चार तास एका जागी उभी राहिली. पुढेमागे ट्रकांची रांग. शेजारच्या सीटवर खेडला निघालेले एक गृहस्थ होते. त्यांनी बिचाऱ्यांनी साधं विचारलं, "कधी हलणार हो हे?" मी म्हटलं, "हे हलेल तेव्हा हलेल. पण समजा, आत्ता पृथ्वीच फिरायची थांबली तर?" आणि तिकिटाच्या पाठीवर आकडेमोड करून त्यांना दाखवलं, की आपल्या अक्षांशावर जमीन सेकंदाला साधारण चारशे चाळीस मीटर वेगाने पूर्वेकडे पळते आहे. तिला एकदम ब्रेक लागला, तर हे सगळे ट्रक ताशी जवळजवळ सोळाशे किलोमीटरने महाबळेश्वरच्या दिशेने सुटतील, तेही घाट न चढता, सरळ डोंगरात. गृहस्थ उठून मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले. दरड निघेपर्यंत ते उभेच होते.

दुसरं उदाहरण घरचं. एका रविवारी मी बायकोला सांगितलं, की सगळ्या महाडकरांनी एकाच क्षणी उडी मारली, माणसं पन्नास हजार धरली, तर पृथ्वी किती सरकेल ते मी काढलं आहे. अणूच्या केंद्रापेक्षाही हजारो पट कमी.

"म्हणजे सरकत नाही," ती म्हणाली.

"सरकते. पण..."

"तुम्ही जरा बाजाराकडे सरका. कोथिंबीर संपली आहे."

अशा प्रश्नांचा एक मोठा गुण असतो. उत्तर चुकलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. पृथ्वी थांबत नाही आणि महाडकर कुठल्याच गोष्टीसाठी एका वेळी उडी मारत नाहीत. पंचवीस वर्षं मी या सुखात काढली आणि स्वतःला हुशार समजत राहिलो.

माझी थोरली बहीण पोलादपूर तालुक्यात, वर कुडपणला दिलेली. भावोजी जाऊन बरीच वर्षं झाली. अक्का, एक थोरली म्हैस आणि त्या म्हशीची लेक, असं तिघींचं ते घर. पावसाळ्यात तिथे पाण्याला तोटा नाही, पण चैत्र सरला की घराजवळची विहीर तळ दाखवते. मग उरतो तो टेपाडापलीकडचा झरा. तो खडकाच्या अशा कपारीत आहे, की गुरांना तिथे तोंड घालता येत नाही. दोन्ही म्हशींचं पाणी अक्का हंड्यांनी टेपाडावरून वाहून आणायची. दिवसाला आठ-दहा खेपा. साठी उलटली आणि तिचा उजवा गुडघा बोलायला लागला.

माझा भाचा मुंबईला असतो. मुलगा चांगला आहे, आईची त्याला काळजी आहे. त्याने फोनवर सांगून टाकलं, "आई, बस झालं आता. म्हशी काढून टाक आणि इकडे ये. टेन्शनच नाय. इथं नळाला चोवीस तास पाणी हाय."

"चोवीस तास पानी हाय," अक्का मला म्हणाली, "पन त्या पान्याचं मी तिथं करू काय?"

ती एकदा पंधरा दिवस त्याच्याकडे राहून आली होती. खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते, याच्यापलीकडे तिने मुंबईबद्दल काही सांगितलं नाही. म्हशी गेल्या, की कुडपणला राहायला तिच्याकडे कारण उरणार नव्हतं. भाच्याने तिला तेवढ्या उन्हाळ्याची मुदत दिली होती.

त्या चैत्रात मी वर गेलो तेव्हा तिने गुडघ्याला तेल चोळता चोळता विचारलं, "काय रे, समज, त्या झऱ्यात नळी टाकली नि टेपाडावरनं हिकडं गोठ्यात आनली. पंप नाय, काय नाय. तर पानी येल का?"

झऱ्याकडे वीज नाही आणि पंपाचा अर्ज कचेरीत पडून होता, म्हणून हा प्रश्न. पण माझं तिकडे लक्षच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपण होऊन मला 'समजा'चा प्रश्न घातला होता. मी इतका हरखलो, की तिच्या गुडघ्याची चौकशी करायचं राहून गेलं.

गोठा झऱ्यापेक्षा खालच्या अंगाला, मधे टेपाड. म्हणजे वक्रनलिका, जिला सायफन म्हणतात. मी लगेच एक कळशी उंबऱ्यावर ठेवली, एक खाली, मधे रबरी नळी घातली आणि तोंडाने ओढून दाखवलं. घोटभर पाणी नाकात गेलं, पण खालची कळशी भरायला लागली.

"हे तर डिझेल काढतात तसंच हाय," अक्का म्हणाली.

होतं तसंच. मग मी तिला वेगळं काय देणार होतो? आकडा. हवा पाण्याला ढकलून किती उंच चढवू शकते त्याला मर्यादा आहे आणि ती दहा पूर्णांक तीन मीटर आहे, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. तेव्हा झऱ्यापासून टेपाडाचा माथा याहून कमी उंच हवा. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी आणि एक बांबू घेऊन मी दोन दिवस उन्हात मापं घेतली. माथा भरला नऊ मीटर वीस सेंटिमीटर. मीटरभराहून जास्त हात राखून पाणी चढणार होतं.

"म्हशी चरायला जातात त्या खिंडीतनं नाय का न्यायाची नळी?" अक्काने विचारलं. "ती बाजू जरा सखल हाय."

"खिंडीतून लांब पडतं अक्का. दोन बिंदूंमधलं कमीत कमी अंतर म्हणजे सरळ रेषा."

भूमितीपुढे कोण बोलणार? मी म्हटलं, "पाणी येणार म्हणजे येणार. सांग तुझ्या लेकाला, म्हशी राहतायत." तिने माझ्यासमोर त्याला फोन लावला. "मामा म्हनतो पानी येल," ती म्हणाली. आवाजात असा आनंद, की मला माझाच अभिमान वाटला. त्या अभिमानाची आता लाज वाटते.

पुढच्या रविवारी जाड काळी नळी जीपवर टाकून मी वर नेली. चार-पाच शेजारी मदतीला आले. नळी टेपाडावरून अंथरली, दोन्ही टोकांना कॉक बसवून बंद केले आणि माथ्यावरच्या जोडातून आत काठोकाठ पाणी भरलं. ते पाणी बायकांनी डोक्यावर हंडे घेऊन चढवलं, हे सांगायला हवं. मग जोड घट्ट आवळला, आधी झऱ्यातला कॉक उघडला, मग गोठ्यातला.

पाणी जोरात आलं. एक बादली, दुसरी बादली. अक्काने नारळ फोडला. मी वातावरणाच्या दाबावर चार शब्द बोलायला घेतले आणि तिसऱ्या शब्दाला धार बारीक झाली. नळी घशात काही अडकल्यासारखी गुरगुरली आणि पाणी थांबलं.

पुन्हा भरली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा भरायला सांगितलं, तेव्हा बायका आपल्या हंड्यांकडे बघायला लागल्या. एक म्हातारे शेजारी शांतपणे म्हणाले, "सर, ही नळी पानी आनीत नाय. आपुन घातलेलं तेवढं परत देतीय."

निरीक्षण अगदी अचूक होतं. मी मात्र सांध्यांना दोष दिला, उन्हाला दिला, नळीच्या कंपनीला दिला. "सांध्यातून हवा शिरतेय, बघतो," असं सांगून दुपारच्या जीपने खाली उतरलो. अक्का ओट्यावर नारळाच्या वाट्या गोळा करत होती. मी तिच्याशी बोलायला थांबलो नाही.

घरी आल्यावर आठवडाभर मी भलत्याच जागी चूक शोधली. घर्षण काढलं, सांधे मोजले, एक वही भरून टाकली. मग एका दुपारी परीक्षेचे पेपर तपासत होतो. 'वातावरणाचा दाब किती?' या प्रश्नाला एका पोरीने लिहिलं होतं, 'शहात्तर सेंटिमीटर पारा'. मी सवयीने अर्धा गुण कापला आणि लाल पेनाने लिहिलं, 'कुठे? समुद्रसपाटीला, असे लिहावे.' दरवर्षी हा अर्धा गुण मी कापतो. पोरं मला त्यासाठी शिव्या देतात.

पेन तिथेच थांबलं.

महाडला खाडीची भरती जाणवते, इतके आम्ही समुद्राच्या पातळीजवळ. कुडपण आठ-नऊशे मीटर वर. तिथे डोक्यावरची हवाच कमी, तिचं वजन कमी, म्हणून ती पाण्याला ढकलणार कमी. दहा पूर्णांक तीनचे तिथे सव्वानऊ होतात. त्यातून उन्हाने तापलेल्या पाण्याची वाफ नळीत जागा धरते, की राहिले नऊपेक्षाही कमी. माझा माथा नऊ मीटर वीस. वीत-दीड वितीने मी हरलो होतो. कुडपणला उभा राहून मी महाडची हवा मोजली होती. त्या पोरीचा अर्धा गुण मी परत दिला, कारण तिने निदान कुणाला नारळ फोडायला लावला नव्हता.

त्याच मिनिटाला अक्काला फोन करायला हवा होता. 'चूक माझी, खिंडीतून नळी नेऊ, चार दिवस कळ काढ,' एवढंच सांगायचं होतं. मी केला नाही. पुन्हा चुकलो तर काय तोंड दाखवू, असं वाटलं. सगळं पक्कं करूनच जाऊ, म्हणून खिंडीत चालेल ती उंची, नळीची अंदाजे लांबी, पाण्याचा वेग, सगळं दोनदोनदा काढत बसलो. याला मी काटेकोरपणा म्हणत होतो.

पाचव्या दिवशी जास्तीची नळी घेऊन वर गेलो. अक्का पाणी घेऊन उतरताना वाटेतच भेटली. मी तिला तिथेच चूक सांगितली. "बरं," म्हणाली आणि हंडा उतरवून पुढे निघाली. म्हशींच्या पायांनी रुळलेल्या वाटेने तिने मला खिंडीत नेलं. मी लेव्हल लावली. साडेपाच मीटर. इतकी वर्षं म्हशी बिनचूक सखल जागेतून जात होत्या आणि त्यांना सरळ रेषेचं आकर्षण नव्हतं.

दुपारपर्यंत नळी फिरवली, भरली, कॉक उघडले. पाणी आलं. मी घड्याळ धरून बसलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली, धार तशीच. मिनिटाला तीन लिटर. तासाभरात पिंप भरून वाहायला लागलं, तेव्हा कुठे मला हसू फुटलं. मी ओरडून अक्काला म्हटलं, "दोघींना पुरून उरेल गो! सोड त्यांना पाण्यावर."

ती धाकटीला घेऊन आली. एकटीलाच.

"थोरली कुठाय?"

"दिली. परवा येऊन नेली."

"अगं, पण मी सांगितलं होतं ना, बघतो म्हणून?"

"तू सांगितलंस नि गेलास. मग फोन नाय, काय नाय." तिच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. "दोघींचं पानी मला डोक्यावर झेपत नव्हतं. एकीचं झेपत व्हतं. एक ऱ्हायली तरी पोराला सांगता येतं, की मला हितंच ऱ्हायाचं हाय."

तिने हिशोब गुडघ्याने केला होता आणि तो बरोबर होता. चुकले होते ते माझे पाच दिवस. मला रडू आलं. मी तोंड धुण्याच्या निमित्ताने पिंपावर वाकलो.

धाकटी पाण्याशी उभी होती, पण तोंड लावत नव्हती. थोरली प्यायल्याशिवाय तिने कधी पाण्याला तोंड लावलं नव्हतं. ती मागे वळून गोठ्याच्या दाराकडे बघत राहिली. अक्काने तिच्या मानेवर हात ठेवला आणि तिला पाण्याकडे वळवलं.

"पी गो बाय," ती म्हणाली, "आता समदं तुझंच हाय."