पाकिटावरचा शेरा

हॉस्पिटलमधले लोक त्याला पोस्टमास्तर म्हणत, आणि हे नाव त्याने स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतलं होतं. कुणी सहज म्हणून विचारलं, की बाबा रे, तळघरातल्या त्या खोलीत बसून तू दिवसभर करतोस तरी काय, तर हा त्याला हाताला धरून बसवायचा आणि सुरू व्हायचा. एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला पाठवलेला निरोप म्हणजे एक पाकीट. पाकिटात दोन भाग. खाली मजकूर आणि वर त्याचं डोकं, म्हणजे हेडर. मजकूर काय, कुणीही लिहील. डोक्यात लिहायचं कुणी पाठवलं, कुणाच्या वतीने, केव्हा, आणि आधीच्या कुठल्या पत्राला धरून. "आपण अर्जावर 'संदर्भ' लिहितो ना? तो खोडा आणि बघा साहेबाला काय कळतंय ते," असं म्हणून तो समोरच्याकडे बघायचा. समोरचा एव्हाना घड्याळाकडे बघत असायचा. या साऱ्या पद्धतीला इंग्रजीत सोप म्हणतात, पण त्यात सोपं काही नाही, हा त्याचा एकुलता एक विनोद होता आणि तो एकोणीस वर्षं चालला होता.

त्याची खोली धुलाईच्या कोठीला लागून होती. तिथे कॉम्प्युटरचे दोन पडदे, एक पाठ मोडलेली खुर्ची आणि एक पंखा, तोही मशीनच्या दिशेने तोंड करून. वय चोपन्न. लग्न राहूनच गेलं. कुणी त्याला रागावलेलं पाहिलं नव्हतं आणि कुणाला त्याची फारशी आठवणही येत नसे. रिपोर्ट अडकले की मात्र सगळ्यांना तो आठवायचा. बाहेरच्या प्रयोगशाळेतून येणारे तपासणीचे रिपोर्ट हॉस्पिटलच्या नोंदीत नीट पोचवायचे, हे त्याचं काम. नाकासमोर चालणारा माणूस होता तो. अशी माणसं चुकतात तेव्हा तीही नाकासमोरच चुकतात.

घर म्हणाल तर दादाचं. आईवडील गेले तेव्हा हा अकरा वर्षांचा होता. दादा बसडेपोत मेकॅनिक, आणि वहिनी घरात येऊन जेमतेम चार महिने झालेली, वीस वर्षांची. दुसरी कुणी असती तर कपाळाला हात लावून बसली असती. हिने काय करावं? त्या शेंबड्या पोराला पहिल्या दिवसापासून "भाऊजी" म्हणायला आणि अहोजाहो करायला सुरुवात केली. "भाऊजी, तुमचं नाक पुसा," हे असलं. पोरगं रडायचं विसरलं ते तिथे. प्रगतिपुस्तकावर पालकाची सही तिची असायची, वाकडी आणि मोठी, रेघेबाहेर जाणारी. पुढे तो कमावता झाला, दादाच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक खोली घेऊन राहिला, पण जेवायला खालीच. वहिनीला तो आई म्हणत नसे. म्हणायची गरज दोघांनाही कधी वाटली नाही.

आता मुळाशी येऊ. हेडरमधल्या एखाद्या गोष्टीवर पाठवणारा एक शेरा मारू शकतो: हे समजलंच पाहिजे. तसा शेरा असला आणि घेणाऱ्या मशीनला ती गोष्ट समजली नाही, तर त्याने अख्खं पाकीट परत करायचं, मजकुराला हात लावायचा नाही. शेरा नसला तर मात्र न समजलेलं बाजूला सारून पुढे जायला मोकळीक. वाचायला कंटाळवाणं आहे खरं, पण गोष्टीची मेख इथेच आहे. प्रयोगशाळेच्या प्रत्येक रिपोर्टवर असा शेरा मारलेला एक रकाना असायचा: हा रिपोर्ट पहिला आहे की आधीचा एखादा रद्द करून पाठवलेला दुरुस्त रिपोर्ट आहे.

एका गुरुवारी प्रयोगशाळेने आपली यंत्रणा बदलली आणि त्या रकान्याचं नाव बदललं. कुणाला कळवलं नाही. ती माणसं उंटावरून शेळ्या हाकणारी. हॉस्पिटलच्या मशीनला नवं नाव समजेना, त्यामुळे नियमाप्रमाणे ते एकेक पाकीट परत करू लागलं. शुक्रवारी सकाळी दहापर्यंत दोनशे बारा रिपोर्ट अडकले. वॉर्डातून फोन, शस्त्रक्रियेच्या खोलीतून फोन. एका डॉक्टरने तर तळघरात उतरून, टेबलावर बाळंतीण अडली आहे आणि रक्ताचा रिपोर्ट कुठे आहे, असं विचारलं. आपल्या मशीनला नवा रकाना शिकवायचा तर तीन दिवस लागले असते. पोस्टमास्तरने मग वेळ मारून नेली. पाकिटं ज्या वाटेने येत, तिथे मधेच त्याने चार ओळी घातल्या: येणाऱ्या पाकिटावरचा "समजलंच पाहिजे" हा शेरा पुसून टाक. बस्स. साडेअकराला सगळे रिपोर्ट धडाधड यायला लागले. हॉस्पिटलच्या अधीक्षकबाईंनी स्वतः फोन करून आभार मानले, जे एकोणीस वर्षांत दोनदाच घडलं होतं. त्याने एका चिठ्ठीवर लिहिलं, "तात्पुरतं. सोमवारी नीट करणे," आणि ती पडद्याच्या कडेला चिकटवली.

सोमवारी नवं स्कॅन मशीन जोडायचं निघालं. त्याच्या पुढच्या सोमवारी दुसरं काही. तात्पुरत्या गोष्टींना आयुष्य फार असतं, हे त्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

तीन आठवड्यांनी वहिनीच्या मानेवरची गाठ तपासायला गेली. घरचं माणूस हॉस्पिटलात आहे, मग दुसरीकडे कशाला जायचं? बुधवारी दुपारी रिपोर्ट आला तो पोस्टमास्तरने सगळ्यात आधी वाचला. गाठ साधी आहे, काळजीचं काही नाही. डॉक्टरने बोलवायची वाट न बघता त्याने तळघरातूनच फोन लावला आणि सांगितलं, "वहिनी, सगळं नीट आहे, निवांत झोप." पलीकडे दादाने फोन हिसकावून घेतला आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

गुरुवारी प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या डॉक्टरने गाठीच्या नमुन्याची तीच काच पुन्हा बघितली आणि दुरुस्त रिपोर्ट पाठवला. गाठ साधी नव्हती. पाकिटाच्या डोक्यात स्पष्ट लिहिलं होतं, की कालचा रद्द समजा, हा खरा. पण शेरा पुसलेला, त्यामुळे मशीनने न समजलेला रकाना बाजूला सारला. खाली बघितलं तर नमुन्याचा नंबर कालचाच. एकाच नमुन्याचा दुसरा रिपोर्ट म्हणजे चुकून दोनदा आलेली प्रत, असं मानून मशीनने तो टाकून दिला आणि पोच मात्र पाठवली.

पाच महिन्यांनी वहिनी जिना चढताना दोनदा थांबायला लागली. कपडे अंगावर लोंबायला लागले. पुन्हा तपासण्या झाल्या, आणि आता ते सगळीकडे पसरलं होतं. डॉक्टर बुचकळ्यात पडले. पाच महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट असा कसा, प्रयोगशाळेला जरा विचारा, असं त्यांनी पोस्टमास्तरलाच सांगितलं. त्याने फोन केला. पलीकडचा माणूस दोन मिनिटं शोधून म्हणाला, की अहो, दुसऱ्याच दिवशी आम्ही दुरुस्त रिपोर्ट पाठवलाय, तुमची पोचसुद्धा आहे.

त्याला लगेच कळलं. नोंदी उघडायच्या आधीच कळलं होतं, तरी त्याने त्या उघडल्या. पाकीट आल्याची वेळ होती, नंबर होता, शेरा पुसल्याची खूण होती आणि शेवटी "प्रत, रद्द" असं होतं. भीती होतीच, पण तिच्याहून मोठी होती ती स्वतःबद्दलची किळस.

गप्प बसता आलं असतं. सहा महिने झाले की नोंदी आपोआप पुसल्या जात, आणि प्रयोगशाळेला तर पोच मिळालेली, त्यांना काय पडलं होतं? निवृत्तीला सहा वर्षं होती. हे सगळं त्याच्या मनात आलं. आलं नाही असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. पण त्याने पाच महिन्यांत असे किती रिपोर्ट टाकले गेले ते काढलं. सतरा. त्यातले तेरा किरकोळ. चार किरकोळ नव्हते आणि त्या चारांतली एक वहिनी. उरलेले तिघे कुठेतरी निवांत झोपत होते. त्याने त्या चार ओळी काढल्या, यादी छापली आणि अधीक्षकबाईंसमोर ठेवली.

बाईंनी दोनदा वाचली. मग त्यांनी दार लावून घेतलं आणि त्या तिघांना त्याच तासात स्वतः फोन केले, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. चौकशीच्या कागदावर मात्र "तांत्रिक अडचण" एवढंच आलं. तांत्रिक अडचण म्हणजे मी, असं तो म्हणाला. बाई म्हणाल्या, की तुम्हाला शिक्षा हवी असेल तर ती घरी जाऊन घ्या, इथे मला तुम्ही कामाला हवे आहात. बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं.

आणि घरी तर जायचंच होतं. घर म्हणजे वहिनी, आणि ती आता हॉस्पिटलच्याच तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर होती. तीन दिवस तो रोज वर गेला आणि रोज उशी नीट करून खाली आला. चौथ्या दिवशी दुपारी दादा आंघोळीला घरी गेला होता, तेव्हा त्याने स्टूल ओढलं. तिला त्याच्या पाकिटांची सगळी कथा तोंडपाठ होती. घरात तेवढी एकच व्यक्ती ती पुरती ऐकून घ्यायची. म्हणून सांगायला फार वेळ लागला नाही.

"म्हणजे पत्र आलं होतं," वहिनी म्हणाली.

"दुसऱ्याच दिवशी."

"आणि कुणी उघडलं नाही."

"उघडलं. वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. वाचलं नाही तरी चालेल, असं मीच करून ठेवलं होतं."

ती चादरीची कड बोटाने सरळ करत राहिली. मग म्हणाली, "पाच महिने म्हणजे पुष्कळ असतात हो, भाऊजी." आणि भिंतीकडे तोंड केलं. चाळीसहून अधिक वर्षांत तिने त्याच्याकडे पाठ फिरवलेली ही पहिली वेळ. तो तिथेच बसून राहिला. नर्सने येऊन उठवलं तेव्हा उठला.

दुसऱ्या दिवशी जावं की नाही हे त्याला ठरवता येईना. तिनेच निरोप पाठवला. तो आला तेव्हा तिने दादाला काहीतरी आणायला खाली पिटाळलं होतं, आणि वेळ थोडा आहे हे ओळखून तिने लगेच सुरुवात केली.

"मी माफ केलं असं समजू नका. ते जमेल की नाही मला माहीत नाही. रात्रभर तुमचा राग राग केलाय मी. पण ह्यांना सांगायचं नाही."

"वहिनी, दादाला कळायला हवं. त्याचा हक्क आहे तो."

"हक्काचं मला सांगू नका. मी गेल्यावर ह्यांना कोण आहे? तुम्हीच. सकाळ-संध्याकाळ तुमचंच तोंड बघायचंय त्यांना. त्या तोंडात त्यांना भाऊ दिसू दे. तुम्हाला सांगून मोकळं व्हायचं होतं, मला सांगितलंत. आता पुरे."

दादा परत आला तेव्हा दोघांनीही तोंडं फिरवली. त्याला वाटलं, दोघं रडून घेतायत. तोही स्टुलावर बसून रडला.

वहिनी सात आठवड्यांनी गेली. माफीचं काही बोलली नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

पोस्टमास्तर आता खालीच राहायला आला. दोघे भाऊ आलटून पालटून स्वयंपाक करत आणि दोघांचाही बिघडत असे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दादा एकच सांगायचा: हा हॉस्पिटलात होता म्हणून तिचं सगळं वेळेवर झालं, नाहीतर आपल्यासारख्यांना कोण विचारतं. ऐकताना हा जमिनीकडे बघायचा. लोकांना ती नम्रता वाटायची.

एकदा संध्याकाळी समोरच्या घरातला शिंपी आला. त्याच्या बायकोच्या पोटात दुखत होतं आणि तपासणीचा नमुना प्रयोगशाळेत गेला होता. त्याची पाचावर धारण बसली होती. दादाने त्याला बसवलं, पाणी दिलं आणि पाठीवर थोपटत म्हणाला, "कशाला घाबरतोस? आमचा हा आहे ना. रिपोर्ट आला की डॉक्टरच्या आधी हाच तुला फोन करून सांगेल."

"मी फोन करणार नाही," पोस्टमास्तर म्हणाला. "रिपोर्ट डॉक्टरकडून घ्या. आणि दोन दिवस थांबून, दुसरा काही रिपोर्ट आलाय का, हे प्रयोगशाळेत जाऊन स्वतः विचारा."

शिंपी ओशाळला, हो हो म्हणत उठला आणि गेला. दादा दाराकडे बघत राहिला. त्याला भावाची लाज वाटली होती आणि वाईटही वाटलं होतं.

"असा काय तोडून बोललास त्याला? एक फोन करायला तुझं काय जातं? तुझ्या वहिनीसाठी केला होतास की."

"केला होता," तो म्हणाला, आणि ताटं घ्यायला आत गेला.