चार घाव दाराला, सतरा कपाटाला

पॉलिशचा वास आला की लातूरच्या आमच्या गल्लीतली ती दुपार आठवते. शेजारचे रहीमचाचा सुतार होते. मुलीच्या, शबानाच्या, लग्नासाठी त्यांनी स्वतःच्या हातानं सागवानी कपाट केलं होतं. आठ दिवस आधी मुलाकडच्यांनी मोटारसायकल मागितली आणि नाही मिळाली म्हणून सोयरीक मोडली. शबानानं जीव द्यायच्या इराद्यानं आतून कडी लावली.

चाचांनी कुऱ्हाडीच्या चार घावांत दार फोडलं. पोरगी जिवंत होती. चाची तिला थाडथाड मारत सुटल्या, "हराम हाय हे! जनाज्याची नमाज बी कुणी पढली नसती तुझी!"

"तिला नको मारू," चाचा ओरडले आणि कुऱ्हाड घेऊन कपाटाकडे वळले. मी घाव मोजले, सतरा. ढलप्या अंगणापर्यंत उडाल्या. मग धापा टाकत मला म्हणाले, "भाऊ, कडी अडकली होती. कुणी पुसलं तर एवढंच सांगा."

तेव्हा वाटलं, चांगलं सागवान वाया घालवलं.

आज माझ्या मुलीच्या कपाटाला पॉलिश चाललंय. मुलाकडच्यांची यादी माझ्या खिशात आहे; काल तिच्यात दोन वस्तू वाढल्या. कपाटाला जास्त घाव का, ते आत्ता कळतंय. मी सुताराला काम थांबवायला सांगितलं.