माझा एकच बैल

बैलांना देखणं करण्यात माझी उमर गेली. धाडपासून धामणगाव बढ्यापर्यंतच्या गावांत, पोळा जवळ आला की लोक माझ्याकडून दाराशेजारच्या भिंतीवर आपल्या बैलाचं चित्र काढून घेत. मी बैल समोर उभा करायला लावी, एक डोळा मिटून, ब्रश आडवा धरून माप घेतल्याचं नाटक करी आणि मग मला हवा तोच बैल काढी. पांढराशुभ्र, उंच वशिंडाचा, लांब शिंगांचा, शर्यतीच्या पोस्टरवरचा. आमच्याकडचा खरा बैल बुटका, मळकट, आखूड शिंगांचा. तसा काढला की मालकच ओरडे, "काऊन बे, माहा बैल एवढासाच हाये काय?"

मागच्या वर्षी कृषी महाविद्यालयातल्या एक प्राध्यापिका आल्या. ट्रॅक्टर येण्याआधी इथे नांगराला कसले बैल जुंपत, हे त्यांना नोंदवायचं होतं. ती जात आता दिसत नाही आणि फोटो कुणाकडेच नव्हते.

"सगळा इतिहास माझ्या हातचा आहे, मॅडम!" मी छाती फुगवली.

सात भिंतींवरचे बैल मोजून त्यांनी मापाची टेप गुंडाळली. "हा सगळीकडे एकच बैल आहे हो."

उरला एक म्हातारा शेतकरी. बैल विकण्याच्या आदल्या दिवशी त्याने हट्टाने चित्र काढून घेतलं होतं. तिथे तरी मी पाहून काढलं असेल, अशी मला आशा होती.

"बाबा, हा तुमचाच बैल ना?" बाईंनी विचारलं.

"हा? हा त पेंटरचा हाये." म्हातारा खो-खो हसला. "माह्याचं डावं शिंग डोयावर आलं होतं. याले सांगतलं, तसंच काढजो. त हा म्हणे, लोक हासतीन."

"आत्ता दुरुस्त करून देतो, बाबा."

"कसा करशीन? तुले आठवते का तो?"

मला त्याचा रंगसुद्धा आठवेना.

मग म्हातारा स्वतःच सांगू लागला. तांबूस अंग, मान राखाडी, आखूड पाय, काळ्या चिखलात न रुतणारे खूर. बाई भराभर लिहीत होत्या. मध्येच तो अडला, स्वतःशीच पुटपुटला.

"कान कसे होते बरं त्याचे?"

त्याने भिंतीकडे पाहिलं. तिथे मी डौलासाठी शिंगांचे गोंडे कानांवर सोडले होते; कान दिसतच नव्हते. त्याने नकारार्थी मान हलवली. बाईंनी कानांपुढची जागा रिकामी सोडली आणि वही मिटली.