कमी वीज खाणारं मशीन

आमच्या नदी-मोहिमेचे व्हिडिओ एडिट करायला सांगलीत कॉम्प्युटर जुळवणाऱ्या एका पोरानं हा छोटा कॉम्प्युटर जोडून दिला. लाईट गेली तरी इन्व्हर्टरवर चालणारा. भाग बसवताना तो त्यांच्याशी बोलायचा, "वीज कमी खा रं गड्या, काम लय कर."

कारखान्याच्या पाण्यानं विहीर कशी नासली, हे त्याच्या गावात कॅमेऱ्यापुढे बोलणारा तो एकटाच.

परवा आला. "ताई, मला काढा त्या व्हिडिओतनं. भाऊ त्याच कारखान्यात कामाला हाय."

मी भडकले. "मग उरतं काय?"

त्यानं माऊस घेतला, स्वतःचा चेहरा शोधला आणि कापून टाकला. मग सवयीनं कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला. "बघा, जरासुदीक तापलं न्हाई."

व्हिडिओ आज नेटवर गेला. त्यात विहीर आहे, काळं पाणी आहे, बोलणारं कुणी नाही.