कट्ट्यावरचं नाव

शेखर मंगळवारी सकाळी वारला. आम्हाला ते शनिवारी कळलं, एका चौकात लागलेल्या श्रद्धांजलीच्या फलकावरून. फोटो त्याचा होता, नाव वेगळंच होतं. पुरुषांवर प्रेम करणारे आम्ही पुरुष बागेतल्या ज्या कट्ट्यावर जमतो, तिथे खरं नाव सांगायची पद्धत नाही. एकमेकांची दुखणी ठाऊक असतात, आडनावं नसतात. कोणी यायचा थांबला, तर शोधायचं कुठे, हे कोणालाच माहीत नसतं.

मी दिलीपला घेऊन फलकावरच्या पत्त्यावर घरच्यांना भेटायला गेलो. त्याचं आणि शेखरचं प्रेम होतं, हे अख्ख्या कट्ट्याला माहीत होतं.

"वर शेखर म्हणू नकोस. काका म्हण," मी जिन्यात बजावलं.

"काका? ऐकलं तर उठून बसेल तो," दिलीप म्हणाला.

शेखरच्या मुलीने विचारलं, "तुम्ही बाबांचे...?"

"बागेत फिरायला असायचो बरोबर," मी म्हणालो.

अशा घरातून निघताना "येतो" म्हणत नाहीत. दिलीप फोटोसमोर थांबला आणि म्हणाला, "येतो रे शेखर."

"शेखर कोण?" मुलीने दारातून विचारलं.

आम्ही जिना उतरलो. फाटकाबाहेर पडेपर्यंत वरचं दार लागल्याचा आवाज आला नाही.