विद्याधरअण्णांनी दिलेला सूर

विद्याधरअण्णांबद्दल लिहिणं मला जमेल की नाही, शंकाच आहे. पण बेंगळुरूजवळच्या येलहंक्यात मी त्यांचा शेजारी, आणि दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

मूळचे ते निपाणीकडचे. नाटक कंपनीबरोबर पेटी वाजवत बेंगळुरूला आले आणि कंपनी इथेच मोडली. गावी परतायला तोंड नव्हतं, म्हणून दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. त्या अक्षरावर पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मालाच्या खोक्यांवरची चित्रं काढायचं काम मिळालं. मधल्या काळात मराठी मंडळाच्या मासिकात गोष्टी लिहिल्या. मासिक बंद पडलं. त्र्याण्णव साली कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि अण्णा घरी बसले.

"एकेक धंदा मला सोडून जातो," ते हसत म्हणायचे.

"तुम्ही कुणाला धरून ठेवता कुठे?" त्यांच्या पत्नी महानंदाक्का आतून म्हणायच्या.

शेवटी उरला मंडळातला मुलांचा रविवारचा गाण्याचा वर्ग. त्यात त्यांचा सगळा जीव होता.

सत्त्याण्णवच्या गणपतीत मंडळाचा नवा चिटणीस अजित त्यांना म्हणाला, "अण्णा, यंदा पेटी नको. पुण्याहून रेडीमेड म्युझिकची कॅसेट मागवलीय, एकदम प्रोफेशनल. कार्यक्रम छान झाला की क्लास तुमच्याकडेच." अजित सॉफ्टवेअरमधला, वागायला चांगला मुलगा. पण वर्ग मंडळातल्या सुखदाला द्यावा असं कमिटीत चाललं होतं, कारण तिच्याकडे कीबोर्ड होता. अण्णांना ते ठाऊक होतं.

"सरी," म्हणजे बरं, एवढंच ते कानडीत म्हणाले.

मुलांना त्यांनी गाणं पेटीवर काळी चारच्या उंच पट्टीत शिकवलं होतं. कॅसेट आली ती आदल्या दिवशी, आणि तिचा सूर बराच खालचा निघाला. अण्णांनी दुपारभर मुलांकडून घोटून घेतलं. "स्वल्प खाली रे, आणखी स्वल्प खाली." संध्याकाळपर्यंत बसलं एकदाचं.

कार्यक्रमाला अण्णा माझ्या शेजारी, दुसऱ्या रांगेत. पहिलं कडवं बरं गेलं. मग नुसतं वाद्यांचं संगीत लागलं, आणि ते संपल्यावर कुठून उचलायचं ते मुलांना कळेना. सगळी अण्णांकडे बघू लागली.

मी त्यांचा हात दाबला. "अण्णा, असू द्या. घेतील सावरून."

पण नाटकात कुणी अडलं की पेटीवाल्याने खालून सूर द्यायचा, ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी दिला. मोठ्याने, आणि काळी चारमध्ये. मुलं मोकळ्या गळ्याने गाऊ लागली. कॅसेट मात्र आपली खालच्या सुरात चाललेली. लोक हसायला लागले. पुढे उभी असलेली छोटी मैत्रेयी रडू लागली, तेव्हा कुणीतरी कॅसेट बंद केली.

आठवड्याभरात अजित अण्णांच्या घरी आला. मी तिथेच होतो. चहा झाल्यावर तो म्हणाला, "अण्णा, तुम्हाला कुणी दोष देत नाही हो. पण या रविवारपासून सुखदा घेईल."

"एकदाच चुकलं ना रे त्यांचं?" अक्का म्हणाल्या.

"कमिटीचं ठरलंय, काकू."

मी चहाचे कप गोळा करू लागलो.

"मुलं घाबरट आहेत," अण्णा अजितला म्हणाले. "सुखदाला म्हणावं, रागावू नको."

रविवारी सकाळी अण्णा अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर येऊन बसले.

"कुठे निघालात?" अक्कांनी विचारलं.

"कुठे नाही," ते म्हणाले, आणि जेवणाची हाक येईपर्यंत तसेच बसून राहिले.