कुशीवर वळून उठा

शवासन शिकवायला अक्कल लागत नाही, असं मी कैक वर्षं समजत आलो. माणसं आडवी पाडायची, डोळे मिटायला लावायचे आणि आपण मोबाईल बघत बसायचं. न्हावऱ्यात देवळाच्या मंडपात माझा सकाळचा योगवर्ग भरतो. देवाकडं पाय नकोत म्हणून सगळ्यांची डोकी गाभाऱ्याकडं. पाचव्या मिनिटाला निम्मे घोरायला लागत. बाहेर दुधाच्या टेम्पोचा हॉर्न वाजला की हीच मढी ताडकन उठून किटल्यांकडं पळत. मला किळस यायची. यांना कसली शांती, दुधाला फॅट लागली की झालं!

शवासनातून उठायची रीत असते. हातपाय हलवायचे, उजव्या कुशीवर वळायचं, जरा थांबायचं, मग हाताच्या आधारानं बसायचं. इथं ते सांगणं मी सोडूनच दिलं होतं. हॉर्नपुढं कोण ऐकतंय? शिरूरच्या बंगलेवाल्यांच्या वर्गात मात्र तेच मी मधाळ आवाजात सांगायचो.

वर्गात एक आप्पा होते. सत्तरीचे, तरुणपणी मेंढरांमागं फिरलेले, बीपीची गोळी चालू. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मास्तर, जित्तेपणी मढं व्हायचं? पुढं व्हायचंच हाय की!"

"आत्ता सराव करा आप्पा, तेव्हा सोपं जाईल," मी म्हणालो. बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

एका सकाळी हॉर्न वाजला. आप्पा झोपल्या जागेवरून सरळ उभे राहिले, दोन पावलं गेले, अंधारी आली आणि पायरीवर कोसळले. खुबा मोडला. शेजारच्या घरातून त्यांची सून धावत आली.

"काय झालं ओ, मास्तर?"

"रोज सांगतो, कुशीवर वळून उठा. आप्पा ऐकतच नाहीत."

आप्पांनी पडल्या पडल्या माझ्याकडं पाहिलं. "व्हय गं. मास्तर सांगत्यात. म्याच ऐकलं न्हाई."

आता ते काठी टेकत येतात, खांबाजवळ खुर्चीत बसतात. नवं कुणी आलं की बजावतात, "उठताना मास्तरांचं ऐका रं. म्या ऐकलं न्हाई, बघा." आधी वाटलं, टोमणा मारतात. पण तसं नाही. माझं खोटं आता त्यांना खरंच वाटतं. त्यांना सांगायच्या आधी ते इथं लिहितोय, हाही भेकडपणाच.

मग मी म्हणतो, "सावकाश उजव्या कुशीवर वळा." आवाज तोच, शिरूरचा, मधाळ. आप्पा मान डोलावतात.